मोहरात माश्या हव्यात तर काम भादव्यात सुरू करा: तापत्या कोकणात मित्रकीटक टिकवण्याचा क्रम

जानेवारी सरता सरता आंबा बागायतदारांच्या त्याच तक्रारी ऐकू येतात. मधपेट्या आणल्या आणि पंधरवड्यात माश्या उडून गेल्या. ट्रायकोकार्ड (किडीच्या अंड्यांत वाढणाऱ्या बारीक परोपजीवी कीटकाची कार्डं) लावली, अळी काही कमी झाली नाही. मोहर भरभरून आला, पण कणी, म्हणजे बारीक फळ, धरलीच नाही. पेटी किंवा कार्ड यांत दोष क्वचितच असतो. कामांचा क्रम उलटा असतो. उघड्या, फवारलेल्या, सुकलेल्या बागेत आधी पेट्या येतात आणि सावली, पाणी, फुलं यांचा विचार मागाहून होतो.

पूर्वी थंडी लांबायची तेव्हा हे थोडंफार खपून जायचं. आता वेळच उरत नाही. मार्च २०२२ हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत तापलेला मार्च ठरला, आणि २०२५ मध्ये तर फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातच हवामान खात्याला कोकणासाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला. किनारपट्टीवर पारा ३७ अंशांपर्यंत गेला आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश वर असला की लाट मानतात. पूर्वेचे कोरडे वारे सुटले आणि समुद्रावरचा वारा उशिरा आला की हे घडतं, आणि नेमका तेव्हाच मोहर फुललेला असतो.

ऊन वाढलं की फुलकिडे आणि तुडतुडे यांच्या पिढ्या लवकर उरकतात. त्यांच्यावर जगणारे बारीक परोपजीवी कीटक मात्र बहुधा उष्णतेला जास्त नाजूक असतात. शत्रू पळतो आणि मित्र मागे पडतो. त्यात ३५ अंशांच्या पुढे आंब्याच्या परागाची ताकदही घटते, म्हणजे माशी आली तरी उपयोग कमी. सकाळचे जे तीन-चार तास मिळतात, तेवढ्यात फुलावर माशी हजर असायला हवी. खालचा क्रम त्यासाठी आहे.

## सुरू करण्यापूर्वी जमवायचं सामान

कमाल-किमान तापमापक दोन, दहापट मोठं दाखवणारं भिंग, वही, रंगीत कापडाच्या फिती, मातीची सात-आठ परळं, जुनी गोणपाटं, आणि कोथिंबीर, बडीशेप, मोहरी, झेंडू यांचं बियाणं. तापमापकाला बहुतेक जण फाटा देतात. देऊ नका. पुढचे निम्मे निर्णय त्यावरच घ्यायचे आहेत.

## १. भादवा ते दसरा: बाग नीट बघून घ्या

पाऊस उघडीप देईल त्या सकाळी बागेत फिरा आणि कागदावर ढोबळ नकाशा काढा. आज फूल कुठे आहे, उघडी माती कुठे आहे, पाणी कुठे साचतं, वाळकं खोड कुठे पडलंय, आणि माघ-फाल्गुनात दुपारचं ऊन कोणत्या बाजूने शिरतं. बांधावर किंजळ असेल तर ते याच सुमारास फुलायला लागतं. त्याखाली दहा मिनिटं थांबा, बागेत कोणत्या माश्या अजून शिल्लक आहेत ते कळेल.

एक तापमापक झाडाच्या दाट सावलीत छातीच्या उंचीवर टांगा, दुसरा कातळाकडच्या उघड्या बाजूला, पण त्यावर थेट ऊन पडणार नाही असा. दोन्हींतला फरक लिहून ठेवा. पेट्या आणि परळं कुठे ठेवायची ते या फरकावरून ठरेल.

मग पेरणी. कोथिंबीर आणि बडीशेप यांच्या छत्रीसारख्या फुलोऱ्यांतला मकरंद उथळ असतो. सिरफिड माश्या (फुलांवर येणाऱ्या, ज्यांच्या अळ्या मावा खातात) आणि बारीक परोपजीवी कीटक यांच्या तोंडाला तो सहज पोचतो. पण एकदाच पेरून मोकळं होऊ नका. सप्टेंबरअखेरीपासून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दर तीन आठवड्यांनी एक-एक वाफा पेरा. कोथिंबीर दीड-दोन महिन्यांत फुलावर येते, आणि ऊन वाढलं तर त्याआधीच. सगळी एकदम पेरली की नोव्हेंबरात फुलते आणि मोहराच्या वेळी वाळून जाते. ही चूक जवळजवळ प्रत्येक बागेत दिसते.

तपासा: डिसेंबरअखेर बागेत किमान एक वाफा फुलावर आणि एक कळीवर असला पाहिजे. नसेल तर परसातली तुळस आणि शेवगा यांच्या फांद्या छाटू नका, तेवढाच आधार.

## २. गवत काढताना

दसरा ते दिवाळी हा बेणणीचा हंगाम. ग्रासकटर लावून दोन दिवसांत बाग आरशासारखी चकचकीत करायची, असा सगळ्यांचा बेत असतो. मित्रकीटकांचं सर्वांत मोठं नुकसान याच दोन दिवसांत होतं. एकदांडी, कुर्डू ही तणं त्या वेळी फुललेली असतात आणि ढालकिडे, कोळी, क्रायसोपा (जाळीदार पंखांचा हिरवट मित्रकीटक) त्यांच्यावर राहतात.

झाडाच्या आळ्याभोवतीचं गवत काढा. दोन ओळींमधलं मात्र एका आड एक पट्ट्याने काढा. पहिल्या पट्ट्यात पुन्हा हिरवं डोकावू लागलं, साधारण तीन आठवड्यांनी, की दुसरा पट्टा. फुरशाची भीती खरी आहे, म्हणून पायवाट, पंपाची जागा आणि काढणीला उभं राहायची जागा पूर्ण साफ ठेवा. रस्त्याकडेच्या पट्ट्यातही गवत नको, कारण वणवा तिथूनच येतो.

तणनाशक वापरू नका. गवत परत येतं, पण रुंद पानांची फुलणारी तणं बियांवर येण्याआधी दोन-तीन वर्षं सलग मेली की त्या जागी फार कमी होतात.

कापलेलं गवत आणि झावळ्या आळ्यात आच्छादन म्हणून घाला, माती गार राहील. इथेही अति करू नका. जगातल्या मधमाशीच्या गोतातल्या सगळ्या जातींपैकी सुमारे ७० टक्के जाती मातीत बीळ करून राहतात. एकट्या राहणाऱ्या या माश्यांना उघडी, न नांगरलेली, पाणी न साचणारी माती लागते. बागेत चार-पाच ठिकाणी पलंगाएवढे तुकडे तसेच उघडे सोडा. त्यांत पेन्सिल जाईल एवढी भोकं दिसली तर मुंग्यांची समजून पावडर टाकू नका.

## ३. पाणी

कार्तिकात ओहोळ वाहता आहे तोवर दगडमातीचा किंवा सिमेंटच्या गोण्यांचा वनराई बंधारा घालून घ्या. एकट्याने होत नाही, वाडीने मिळून घाला. खाली व्हाळ ओला राहिला की चतुर आणि टाचण्या फाल्गुनापर्यंत टिकतात.

बागेत सावलीत परळं मांडा आणि प्रत्येकात जांभ्याचे तुकडे पाण्याच्या वर डोकावतील असे ठेवा. नुसत्या पाण्यात माश्या बुडून मरतात. पाणी दर दोन-तीन दिवसांनी ओतून बदला, म्हणजे डास होणार नाहीत. खाडीलगतच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, ते घालू नका. आणि औषध कालवायचं पिंप कधीही उघडं ठेवू नका. तहानलेली माशी आधी तिथे जाते.

## ४. ओळखायला शिका, मगच काही मारा

ही पायरी घाईत उरकू नका. उपयोगी किडा शत्रू समजून चिरडला जातो, आणि मग औषध विकत आणावं लागतं.

देठावर पांढरी पिठासारखी लोकर दिसली की ती पिठ्या ढेकूणच, असं आपण धरून चालतो. पण पिठ्या ढेकूण खाणाऱ्या क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची अळीही तशीच पांढरी, मेणाच्या धाग्यांनी झाकलेली असते. भिंग लावा आणि काडीने हलकेच डिवचा. पिठ्या ढेकूण जागचा फारसा हलत नाही, हलला तरी सावकाश. क्रिप्टोलेमसची अळी अंगाने मोठी, तिचे मेणाचे धागे लांब आणि विस्कटलेले, आणि डिवचलं की ती भराभर चालायला लागते. चालली तर फांदी तशीच सोडा.

पानाखाली केसाएवढ्या बारीक दांड्यांवर उभी असलेली हिरवट-पांढरी अंडी दिसली तर ती क्रायसोपाची. बऱ्याच जणांना ती बुरशी वाटते. पाय नसलेली, डोक्याकडे निमुळती, पारदर्शक हिरवट अळी माव्याच्या वसाहतीत फिरत असेल तर ती सिरफिड माशीची. मावा फुगून कडक, तपकिरी झालेला दिसला, तर त्याच्या पोटात परोपजीवीची अळी वाढते आहे. असा मावा पुसून टाकू नका.

तपासा: घरातल्या प्रत्येकाला, फवारणीला येणाऱ्या गड्यालाही, हे चार प्रकार प्रत्यक्ष फांदीवर दाखवा. मोबाइलवरचा फोटो पुरत नाही. आकाराचा अंदाज त्यातून येत नाही.

## ५. मोजणी आणि फवारणी

बाकी सगळं बरोबर करून इथे चुकलात तर काहीच हाती लागत नाही.

मोजणी. पालवी आल्यापासून आठवड्यातून एकदा, सकाळी ऊन चढायच्या आत, बागेच्या चारही बाजूंची आणि मधली मिळून दहा झाडं घ्या. प्रत्येक झाडाचे चार दिशांचे चार बोंगे (अजून न उघडलेले मोहर) किंवा मोहर पांढऱ्या कागदावर झटका. पडलेले तुडतुडे आणि फुलकिडे एका रकान्यात लिहा, मित्रकीटक दुसऱ्या रकान्यात. मोहर उघडल्यावर त्याच झाडांपाशी दोन-दोन मिनिटं उभं राहून फुलावर किती माश्या बसल्या तेही लिहा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं आंबा फवारणी वेळापत्रक समोर ठेवा, पण त्यातल्या फवारण्या तारखेने मोजू नका. ते मोहराच्या अवस्थांवर बेतलेलं आहे.

फिती. तापमान वरखाली झालं की मोहर टप्प्याटप्प्याने येतो. एका झाडावर कणी, शेजारच्यावर उघडं फूल, तिसऱ्यावर नुकता बोंगा. पूर्ण फुललेल्या मोहरावर फवारू नये हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी पंप सुरू झाला की सगळी बाग सरसकट भिजते. म्हणून झाडांना फिती बांधा. बोंग्याला हिरवी, उघड्या फुलाला पांढरी, कणीला लाल. पांढऱ्या फितीचं झाड वगळायचं, हा नियम गड्याला समजतो आणि पाळताही येतो. दर आठवड्याला मोजणीबरोबरच फिती बदला.

वेळ. आंब्याच्या मोहरावर माश्यांची खरी वर्दळ सकाळी असते. शेजारच्या झाडांचं फवारायचंच असेल तर दुपारी चारनंतर, वारा पडल्यावर. पण फार उशीरही नको. पौष-माघात दंव पडतं. न सुकलेलं औषध दंवाने रात्रभर ओलं राहतं आणि सकाळची पहिली माशी त्यातच बसते. दंव पडायच्या आत पान सुकेल असा हिशेब धरा.

काय टाळायचं. डेल्टामेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन अशी पायरेथ्रॉइड औषधं वेळापत्रकात सुरुवातीच्या अवस्थांसाठी आहेत. फुलकिडे दिसले म्हणून तीच पुन्हा पुन्हा मारली की कोळी आणि ढालकिडे संपतात आणि पंधरा दिवसांनी फुलकिडे आधीपेक्षा जास्त येतात. इमिडाक्लोप्रिड, थायोमेथॉक्झामसारखी आंतरप्रवाही औषधं मकरंदात आणि परागात उतरतात, त्यामुळे फूल उघडण्याच्या तोंडावर ती नकोत. कीटकनाशक, बुरशीनाशक आणि टॉनिक एकाच टाकीत कालवायची सवय मोडा. ट्रायझोल गटातली काही बुरशीनाशकं पायरेथ्रॉइडबरोबर मिसळली की मधमाश्यांसाठी तेच विष अधिक जहाल होतं. भुरीसाठीचं गंधक भर उन्हात मारलं तर मोहर करपतो.

निळे-पिवळे चिकट सापळे मोजणीपुरते, थोडेच लावा. सिरफिड माश्याही त्यांना चिकटतात. मोहर उघडा असताना ते काढून ठेवा. फळमाशीसाठी विद्यापीठाचा रक्षक सापळा मात्र खुशाल लावा. त्यातल्या वासाकडे फळमाशीचे नर येतात, परागीकरण करणाऱ्या माश्यांना त्याची ओढ नसते.

## ६. आता पेट्या आणि कार्डं

आंब्याच्या मोहरावर मधमाशीपेक्षा सिरफिड, घरमाशी, निळी माशी यांचंच काम जास्त असतं. त्यामुळे नुसत्या पेट्या आणून भागत नाही. बागेच्या कडेला, सावलीत, घर आणि विहीर यांच्यापासून लांब शेणखताचा एक ओलसर ढीग ठेवा. मोहर उघडताना मासळीचे तुकडे जाळीच्या पिशवीत घालून झाडांना टांगले की माश्या ओढल्या जातात. वास सहन करावा लागतो, पण उपाय स्वस्त आहे. सलग हापूस असेल तर आणखी एक अडचण: हापूसला स्वतःच्याच परागावर फळ नीट धरत नाही. केसर, रत्ना किंवा गोवामानकूरची झाडं अधूनमधून नसतील तर माशीने वाहून तरी काय आणायचं? अशी झाडं लावायला घ्या, नाहीतर काही जुन्या झाडांच्या फांद्यांवर ती कलमं बांधा.

काजू, माड आणि परसातल्या भाज्यांसाठी सातेरीच्या (आपल्याकडच्या देशी मधमाशीच्या) पेट्या फार उपयोगी. फुलं साधारण दहा टक्के उघडल्यावरच त्या आणा. आधी आणल्या तर माश्या दुसरं फूल धरतात. पेटी रात्री, दाराला जाळी लावून हलवा. नवी जागा जुनीपासून तीन किलोमीटरच्या आत असेल तर कामकरी माश्या जुन्याच जागी परततात.

पेटीचं दार पूर्वेकडे, सकाळचं कोवळं ऊन मिळेल आणि दुपारनंतर दाट सावली असेल असं. तुमच्या तापमापकाने दाखवलेली सर्वांत गार जागा हीच. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, मुंग्या चढणार नाहीत. तळफळी आठवड्याला झाडा, नाहीतर मेणपतंगाच्या अळ्या होतात. पिल्लावा (अंडी आणि अळ्या) असलेला भाग माश्या ३४-३५ अंशांवर राखतात. बाहेर त्याहून तापलं की मध गोळा करायचं सोडून त्या पाणी आणायला आणि पंखांनी वारा घालायला लागतात. तेव्हा पाणी जवळ नसेल तर सातेरी घर सोडते.

भातासाठी किंवा भाजीसाठी ट्रायकोकार्ड घेणार असाल तर ते स्कूटरच्या डिकीतून आणू नका. उन्हात उभ्या गाडीत आतले जीव शिजून मरतात. बर्फाच्या डब्यात आणा, पण बर्फाला थेट चिकटू देऊ नका. पट्ट्या संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूला टाचा, आणि आधीच्या-नंतरच्या आठवड्यात कीटकनाशक नको.

तपासा: कार्डावरची काळी अंडी म्हणजे परोपजीवी आत आहे. चार-पाच दिवसांनी भिंगाखाली त्याच काळ्या ठिपक्यांना बारीक गोल भोक दिसलं तर तो बाहेर पडला. भोक नसेल तर कार्ड वाटेतच मेलं होतं. पुढच्या खेपेला दुकानदाराकडून थंड साठवण पाहिल्याशिवाय घेऊ नका.

## ७. लाटेचे दिवस

इशारा आला की त्याच संध्याकाळी पेटीच्या झाकणावर ओलं गोणपाट घाला, वर गवताचं छप्पर करा. दार आणि हवेची भोकं मोकळी ठेवा. परळं रोज भरा. आळ्यातलं आच्छादन विस्कटलं असेल तर नीट करा. पेटी उघडून बघायचा मोह आवरा, पोळं मऊ पडलेलं असतं, फ्रेम उचलताच तुटतं. या दिवसांत फवारणी, गवतकापणी, छाटणी काही नको. लाट ओसरल्यावर दोन सकाळी मोजणी करा आणि मगच पुढचं ठरवा.

## ८. काजू, माड, भात: थोडक्यात

काजूवर ओंबील, म्हणजे पानं जोडून घरटं करणाऱ्या तांबड्या मुंग्या, असतील तर राहू द्या. काही ठिकाणी त्यांना हुमले म्हणतात. ढेकण्याला (काजूच्या पालवी-मोहराचा रस शोषणाऱ्या किडीला) त्या आवर घालतात. मात्र मावा आणि पिठ्या ढेकूण यांना त्या राखतात आणि काढणीला चावतात, म्हणून घराजवळच्या आणि रोज चढायच्या झाडांवरची घरटी हलवायला हरकत नाही.

माडावरच्या रुगोज चक्राकार पांढऱ्या माशीवर कोरड्या दिवसांत औषध मारायची घाई होते. मारू नका. एन्कार्सिया नावाचा बारीक परोपजीवी तिला आवरतो आणि फवारणीत तोच आधी मरतो. पाण्याचा जोरदार फवारा पुरे. परोपजीवी असलेल्या झावळीचे तुकडे नवीन प्रादुर्भावाच्या माडांना बांधा.

भातात लावणीनंतरचे पहिले चाळीस दिवस कीटकनाशक टाळा. कोळी, चतुर आणि मिरीड ढेकूण याच काळात वाढतात. बांधावर तूर आणि तीळ लावा.

## ९. भाजावळ आणि वणवे

माघ-फाल्गुनात राब भाजताना कवळ आणि पातेरा बागेतून ओढून नेला जातो. आळ्यातला आणि उघड्या मातीच्या तुकड्यांजवळचा पातेरा सोडून द्या. भाजावळ बांधाला लागून न करता खाचराच्या मधोमध, सकाळी वारा सुटायच्या आत करा आणि विझेपर्यंत कुणीतरी तिथे थांबा.

कातळावरचं गवत पेटलं की मातीतल्या माश्या, वाळक्या खोडातले भुंगे आणि सिरफिडचे कोष एका दुपारी संपतात. जानेवारीतच सड्याकडच्या बाजूला दहा फूट रुंद जाळरेषा साफ करा, आणि शेजारच्या बागायतदाराशी बोलून ती त्याच्या हद्दीतूनही सलग न्या. तुटक जाळरेषेचा उपयोग होत नाही.

तरीही तुकडा जळालाच, तर तिथे त्या वर्षी तणनाशक आणि ट्रॅक्टर दोन्ही नको. पहिल्या पावसानंतर जे उगवेल ते फुलू द्या. जुलैत तिथे किंजळ आणि जांभूळ लावा. ती फुलायला बरीच वर्षं घेतील, म्हणून त्यांच्या मधून शेवग्याची खुंटं लावा. शेवगा वर्षभरात फुलायला लागतो.